बॉस्कोचा न उघडणारा डबा

“चोर मोठा माणूसच असणार,” सोमोए म्हणाली.

“कशावरून?” कोंडोने विचारलं.

“लहान मुलांवर सतत कुणाची तरी नजर असते. मोठ्यांकडे कोण बघतं?”

तिघं भावंडं समुद्रकाठच्या किल्वा मासोको गावात तौसी मावशीच्या ओट्यावर बसून गरम मांदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, खात होती. तेरा वर्षांची सोमोए, तिच्याहून दोन वर्षांनी लहान कोंडो आणि शेंडेफळ पिली. पिली सात वर्षांची होती आणि तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. सुट्टी लागल्याबरोबर तिघं किसारावेहून बसने इथे आली होती. मासे खायचे, पोहायचं आणि मावशीच्या बेटावर हुंदडायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

पण घरात गेले काही दिवस कुणी नीट हसत नव्हतं.

आतून मावशीचा फोनवरचा आवाज येत होता. “हो साहेब... नाही साहेब... मी तिथेच होते साहेब...”

समोरच्या बेटावर सुलतानांच्या काळची मशीद, वाडे आणि कबरी आहेत. तिथली राखणदार म्हणजे तौसी मावशी. कबरींच्या भिंतींत कुणी शेकडो वर्षांपूर्वी निळ्याहिरव्या चिनी वाट्या बसवल्या होत्या. ऊन पडलं की त्या डोळ्यांसारख्या चमकत. गेल्या महिन्याभरात त्यातल्या तीन वाट्या भिंतीतून नाहीशा झाल्या होत्या.

मावशी बाहेर आली आणि पायरीवर टेकली.

“काय म्हणाले गं साहेब?”

“गुरुवारी लिंडीहून येतायत. तोवर आणखी एक वाटी गेली, तर किल्ल्या त्यांच्या हातात ठेवायच्या आणि हे घर रिकामं करायचं.”

घर नोकरीबरोबर मिळालं होतं. नोकरी गेली की तेही जाणार.

“पण चोरी तू केलीस का?” पिलीने विचारलं.

“नाही गं बाई.”

“मग साहेब तुला का रागावतात?”

“कारण मी समोर आहे,” मावशी म्हणाली, “आणि चोर समोर नाही.”

साहेबांची ही तऱ्हाच होती. वर्षभरात त्यांनी बेटावर एकदाही पाय ठेवला नव्हता. लिंडीच्या कचेरीत पंख्याखाली बसून त्यांनी एकच उपाय शोधून काढला होता: बेटावरून निघताना प्रत्येक पाहुण्याची पिशवी तपासायची. आणि तपासणार कोण? तर डार-एस-सलामच्या टूर कंपनीचा गाइड बॉस्को! का? तर त्याच्याकडे शिट्टी होती. शिट्टी आणि इस्त्रीचा शर्ट असला की काही साहेबांना माणूस भरवशाचा वाटतो.

“तिन्ही वाट्या बॉस्कोची ‘एका तासात किल्वा’ सहल आली त्याच दिवशी गेल्या,” कोंडो म्हणाला. “सगळ्यांच्या पिशव्या तोच उलट्या करतो, आणि सापडत काहीच नाही!”

“त्याला घरी कुणी जेवायला घालत नाही का गं?” पिली मध्येच म्हणाली.

“कुणाला?”

“बॉस्कोकाकाला. एवढा मोठ्ठा डबा असतो त्याच्याकडे, लाल झाकणाचा. पण सोमवारी माझी मांदाझी त्यानेच खाल्ली. मोशीहून सहलीला आलेल्या त्या बाईंची कोंबडीसुद्धा खाल्ली. स्वतःचा डबा उघडलाच नाही!”

सोमोएचा घास हातातच राहिला. तिने कोंडोकडे पाहिलं. कोंडोने तिच्याकडे पाहिलं.

“मावशी! त्याचा डबा कधी तपासलाय कुणी?”

“तपासणाऱ्याला कोण तपासणार? मी त्याला डबा उघड म्हणू? साहेबांच्या माणसाला? उद्या तोच माझ्यावर तक्रार करेल.”

“मग आम्ही म्हणतो!”

“खबरदार!” मावशीचा आवाज चढला. “मोठ्या माणसाच्या डब्यात हात घालायचा? आईने हेच शिकवलंय? लोक म्हणतील, तौसीने स्वतःची नोकरी वाचवायला पोरं अंगावर सोडली.”

मावशी आत गेली.

*

गुरुवारी तिघं बॉस्कोच्या सहलीच्या होडीत जाऊन बसली. मावशी पहाटेच बेटावर गेली होती, आणि राखणदाराच्या भाच्यांना कुणी तिकीट विचारत नसे.

होडीत ताबोराहून आलेलं एक मोठं कुटुंब होतं. काका, काकू, जावई, तान्ही पोरं, आणि सगळ्यांच्या मधोमध हिरव्या कांगाच्या कापडात गुंडाळलेली कालुंडे आजी. होडी सुटली तशी काकांनी फोन बाहेर काढले, काकूंनी फोन बाहेर काढले, जावयाने तर दोन काढले. चार पोरं काठावरून ओणवी होऊन पाण्यात हात घालत होती, पण तिकडे बघतो कोण? समुद्राचा फोटो काढायचा होता ना!

“काका, तरंगायची जाकिटं कुठायत?” सोमोएने बॉस्कोला विचारलं.

“आहेत की!” बॉस्को म्हणाला. आणि होतीच. त्यांचा ढीग करून तो त्यावर ऐसपैस बसला होता.

“मग द्या ना आम्हाला.”

“अगं पोरी, हा समुद्र मला ओळखतो.”

“मला नाही ओळखत,” पिली म्हणाली. “मला द्या.”

आजीने मान वर केली आणि बॉस्कोकडे नुसतं पाहिलं. तो कुरकुरत उठला. सोमोएने आधी पिलीचं जाकीट आवळलं, मग चारही पोरांना काठावरून मागे ओढून त्यांची जाकिटं आवळली. आपल्या पोरांना कुणीतरी काहीतरी घातलं, हे त्यांच्या आईबापांना फोटोत पाहिल्यावर कळलं असेल.

“शिकामो, आजी,” तिघांनी वाकून नमस्कार केला.

“माराहाबा, माराहाबा. गुणी आहात. कुणाची गं पोरं तुम्ही?”

“झारामो. किसारावेची.”

आजीचे डोळे लकाकले. तिने हात लांब केला, कोंडोच्या हातातली मांदाझी उचलली आणि सरळ एक लचका तोडला.

“झारामो! नारळचोरांनो! आज सापडलात होय!”

कोंडो खदखदून हसला. सोमोएने कमरेवर हात ठेवले. “खा आजी, खा! ओझी वाहून वाहून तुम्हा न्याम्वेझींच्या माना खांद्यात गेल्यात. घास घशापर्यंत पोचतो तरी का?”

सगळी होडी हसली. आजी सर्वांत मोठ्याने. झारामो आणि न्याम्वेझी या दोन जमाती पिढ्यान्‌पिढ्यांच्या म्तानी, म्हणजे थट्टेच्या नात्यातल्या. म्तानीने म्तानीला वाटेल ते बोलावं, त्याचं वाटेल ते उचलावं, अगदी मयताच्या घरीसुद्धा. रागवायचं मात्र नाही. रागावला तो हरला, आणि वर त्याची जातकुळीही बुडाली.

एवढ्यात बॉस्को पुढे सरकला. ताबोराच्या कुटुंबाकडून बक्षिशी चांगली मिळणार, हे त्याने केव्हाच हेरलं होतं.

“आजी, तुम्ही ताबोराच्या? काय योगायोग! मीही न्याम्वेझीच! अस्सल! आमचे पणजोबा हस्तिदंत खांद्यावर घेऊन याच किनाऱ्यावर आले होते!”

“अगं बाई! आपलंच लेकरू!” आजी म्हणाली. काकांनी फोनमधून डोकं वर काढून “वा वा” केलं.

कोंडो सोमोएच्या कानाशी लागला. “खोटारडा! सोमवारी मोशीच्या लोकांना सांगत होता, मी चागा म्हणून! आणि त्याच्याआधी बुकोबाच्या पाहुण्यांना म्हणाला, मी हाया!”

“पाहुणे असतील तसा हा!” सोमोए पुटपुटली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. “कोंडो! तो आता काय म्हणाला?”

“न्याम्वेझी.”

“म्हणजे आपला कोण झाला?”

कोंडोचं तोंड उघडंच राहिलं. “म्तानी!”

“आणि म्तानीचा डबा उचलायला कुणाची परवानगी लागते?”

“कुणाचीच नाही!” पिली किंचाळली, आणि सोमोएने तिच्या तोंडावर हात ठेवला.

“पण आत्ता नाही,” ती हळूच म्हणाली. “आत्ता डब्यात काय सापडेल? भात. निघताना उचलायचा.”

“आणि तो हातातून निसटला तर? आणखी एक वाटी जाईल. मावशी...”

“म्हणूनच निसटू द्यायचा नाही,” सोमोए म्हणाली.

*

‘एका तासात किल्वा’ म्हणजे काय प्रकार होता, ते सांगण्यासारखं आहे. बॉस्को पुढे शिट्टी फुंकत चालला होता आणि मागे मोठी माणसं मेंढरांसारखी चालली होती.

“हा वाडा भुतांनी एका रात्रीत बांधला!”

“अच्छा!” काका म्हणाले.

“या खांबाला पाठ घासली की कंबरदुखी जाते!”

दोन काका आणि एक जावई खांबाला पाठ घासू लागले. तिघेही शिकलेले, एक तर बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. मशिदीचे घुमट प्रवाळाच्या दगडातून कुणी घडवले, एवढी माणसं इथे कशी राहत होती, कुठून व्यापार करत होती, असं एकानेही विचारलं नाही. एका बापाने तर दोन वर्षांच्या पोराला मोडक्या भिंतीवर उभं केलं आणि फोटोसाठी पाच पावलं मागे गेला. सोमोए निमूटपणे त्या भिंतीखाली हात पसरून उभी राहिली.

“ए पोरी, फोटोत येतेयस! बाजूला हो!”

“तो खाली आला की होते,” सोमोए म्हणाली. शेवटी कालुंडे आजीनेच पोराला खाली घेतलं आणि बापाला असं काही ऐकवलं, की त्याने फोन खिशात घातला. दोन मिनिटांसाठी.

“आता मशिदीत फोटो!” बॉस्कोने शिट्टी फुंकली. “सगळे आत! मी जरा पाय मोकळे करून येतो.”

लाल झाकणाचा डबा बोटावर झुलवत तो कबरींच्या बाजूला वळला. कोंडो त्याच्या मागे निघाला. तिथे एक गोरखचिंचेचं झाड आहे, चार माणसांच्या कवेत न मावणारं. कोंडो त्याच्या बुंध्याला चिकटून उभा राहिला. दिसत होती ती फक्त बॉस्कोची पाठ. पण ऐकू येत होतं.

टक. टक. टक. मग भुसभुशीत चुना ओघळल्याचा आवाज.

कोंडोला ओरडावंसं वाटलं. त्याने स्वतःची मूठ चावली. परत येताना बॉस्कोने डबा बोटावर झुलवला नव्हता. तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

“आहे,” मशिदीच्या दाराशी येऊन कोंडो धापा टाकत म्हणाला. “नक्की आहे.”

*

किनाऱ्यावर लिंडीचे साहेब आधीच येऊन पोचले होते. कोळ्याच्या होडीतून आले, ते थेट झाडाखालच्या खुर्चीत बसले. चकचकीत काळे बूट, मांडीवर चामड्याची बॅग, हातात शहाळं. मावशी हात बांधून समोर उभी होती.

“साहेब, आधी कबरी बघायला चलता का?”

“ऊन कमी होऊ दे,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. “पिशव्या उघडा!” बॉस्को साहेबांकडे बघत गरजला. “सरकारी नियम आहे!”

एकेक पिशवी वाळूत उलटी झाली. बाळांचे लंगोट, चपात्या, गोळ्यांच्या पुड्या. त्याने कालुंडे आजीचा बटवासुद्धा झटकला. “माफ करा आजी, आपलीच माणसं असली तरी नियम म्हणजे नियम.” मोठी माणसं मुकाट बघत होती. साहेबांनी कौतुकाने मान डोलावली.

“कामाचा माणूस,” ते मावशीला म्हणाले. “शिका काहीतरी.”

बॉस्कोने खाली ठेवलेला डबा उचलायला हात पुढे केला. पण त्याच्याआधी तिथे सोमोएचा हात पोचला होता!

“म्तानी!” ती खणखणीत आवाजात ओरडली. “झारामोच्या पोरीला भूक लागलीय! तुझा डबा आज माझा!”

ताबोराची सगळी मंडळी खो खो हसायला लागली. “शाब्बास! लुटा त्याला!”

बॉस्को हसला नाही. त्याचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला. “ठेव तो! ठेव खाली!”

“का रे ओझेवाल्या? ओझं उचलायची सवय तुम्हालाच का?”

“निर्लज्ज कार्टे!” त्याने हात उगारला.

हशा एकदम थांबला. कालुंडे आजी पुढे झाली.

“हात खाली घे.”

“आजी, ही माझा डबा...”

“न्याम्वेझी माणूस झारामोच्या लेकरावर हात उगारतो? थट्टेत रागावतो?” आजीचा आवाज मुळीच चढला नव्हता. म्हणूनच सगळे ऐकत होते. “कुठल्या गावचा तू? तुझ्या आजीचं कूळ कोणतं?”

“मी... म्हणजे... ताबोरा...”

“ताबोरात म्हातारीला विचारलं, तर कोंबडीसुद्धा आपलं कूळ सांगते.”

बॉस्कोने सोमोएवर झेप घेतली. तिने डबा कोंडोकडे दिला. फेकला नाही, दिला. आत काय आहे ते तिला माहीत होतं. कोंडो वाळूतून धावत सुटला. बॉस्को लांब टांगा टाकत मागे! कोंडोच्या शर्टाची कॉलर त्याच्या बोटांना लागणार, इतक्यात कोंडोने डबा पिलीच्या हातात ठेवला. आणि पिलीने सर्वांत शहाणं काम केलं. ती पळालीच नाही. डब्याभोवती हातपाय गुंडाळून ती वाळूत फतकल मारून बसली आणि जिवाच्या आकांताने किंचाळली,

“मावशीऽऽऽ!”

तौसी मावशी, जी इतका वेळ हात बांधून उभी होती, ती साहेबांच्या खुर्चीला धक्का देऊन धावली. शहाळं साहेबांच्या पँटवर सांडलं. बॉस्को आणि पिली यांच्यामध्ये ती भिंतीसारखी उभी राहिली.

“माझ्या पोरीला बोट लावून बघ,” ती म्हणाली.

मागून आजी आली. तिच्या मागून काका, काकू आणि जावई. आता मात्र फोन कुणाच्याच हातात नव्हता.

“उघड गं, बाळा,” आजी म्हणाली.

पिलीने लाल झाकण फिरवलं. आंबूस वासाने सगळ्यांनी नाकं दाबली. वरती भाताचा थर होता, बुरशी आलेला.

“याचं जेवण!” पिली म्हणाली. “शी! म्हणून माझी मांदाझी खातो!”

मावशीने त्या भातात हात घातला. खाली कापड लागलं. तिने ते बेताने बाहेर काढलं आणि उलगडलं. निळीहिरवी वाटी उन्हात चमकली. काठाला अजून भुसभुशीत चुना चिकटला होता.

मग बॉस्को होडीकडे पळत सुटला. पण जावई तरुण होता, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

*

बाकीच्या तीन वाट्या डार-एस-सलामला एका दुकानदाराकडे दिल्याचं बॉस्कोने तिथेच वाळूत बसून कबूल केलं. साहेबांनी पोलिसांना फोन लावला. मग ते उठले, पँट झटकली, आणि भाषण सुरू झालं.

“मला संशय होताच! म्हणून तर मी स्वतः आलो! या धाडसी मुलांचं मी खात्याच्या वतीने कौतुक करतो. देशाचा ठेवा...”

कौतुक पंधरा मिनिटं चाललं. त्यात मुलांच्या वाट्याला एक वाक्य आलं, बाकीचं सगळं साहेबांनी साहेबांचंच केलं. मावशीचं नाव शेवटी निघालं. “आणि तुमची नोकरी, बरं का, मी चालू ठेवतो.”

“आभारी आहे,” मावशी म्हणाली. तिने वाटी आजीच्या हातात सांभाळायला दिली. “आता बॅग उघडा, साहेब.”

“काय?”

“बेटावरून निघणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासायची. नियम तुमचाच आहे. तपासणारा आता नाही, म्हणजे मीच तपासणार.”

“मी कोण आहे, माहीत आहे ना?”

“बॉस्को कोण आहे, हेही आपल्याला माहीतच होतं.”

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ताबोराची सगळी मंडळी रांगेत उभी होती, आपापल्या पिशव्या पुन्हा उघडून. आजीने तर बटवा उघडून पुढे धरला होता. साहेबांनी चामड्याची बॅग उघडली. आत तळलेला मासा होता, वर्तमानपत्र होतं, आणि डोक्यावर एकही केस नसताना दोन कंगवे होते. पिलीने तोंड उघडलं. कोंडोने ते वेळेवर दाबलं.

मावशीने सगळं पाहिलं, अगदी सावकाश, कोपऱ्या-कोपऱ्यांत हात घालून. मग बॅग बंद करून परत दिली.

“जा आता.”

आजीने सोमोएची हनुवटी धरली. “झारामोंना डोकं असतं, हे मी ताबोराला जाऊन सांगणार आहे. कुणाला पटायचं नाही.”

“सांगा आजी,” सोमोए म्हणाली. “पण चालत जाऊ नका, पोचेपर्यंत विसराल!” मग मात्र तिने आजीला घट्ट मिठी मारली.

साहेबांचं भाषण चालू असताना ओहोटीने समुद्र केव्हाच मागे सरकला होता. होड्या दूर चिखलात टेकल्या होत्या. मावशीने पिलीला कडेवर घेतलं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि कांगा गुडघ्यापर्यंत वर धरून चिखलात उतरली. मागून सगळे उतरले. सर्वांत शेवटी साहेब, पँट दुमडून, चकचकीत बूट दोन्ही हातांत उंच धरून.

“जपून, साहेब,” मावशी मागे न बघता म्हणाली. “इथे निसरडं आहे.”